कधी इलंस? कधी जातलंस?

सरकारी अर्जात दोन रकाने असतात. एक ‘सध्याचा पत्ता’ आणि दुसरा ‘कायमचा पत्ता’. हा अर्ज ज्याने पहिल्यांदा आखला तो नक्कीच कोकणातला नव्हता. आमचा सध्याचा पत्ता डोंबिवलीचा. तिथलं बिऱ्हाड इतकं जुनं झालंय की इमारत पुनर्विकासाला आली. आणि कायमच्या पत्त्यावर कुलूप आहे. ते वर्षातून दोनदा उघडतं, गणपतीत आणि मे महिन्यात. एरवी त्या पत्त्यावर आलेलं टपाल पोस्टमन शेजारच्या घरी टाकतो. शेजारचे फोन करतात. पत्र महत्त्वाचं वाटलं तर आपणहून उघडतात आणि मोठ्याने वाचून दाखवतात, कारण आमच्याकडे रेंज फक्त घरापुढच्या खळ्याच्या कोपऱ्यातल्या फणसाखाली येते आणि तिथून हळू बोललेलं ऐकू जात नाही. बँकेने अत्यंत गुप्त म्हणून बंद पाकिटातून पाठवलेला माझा चार आकडी पिन त्यामुळे अख्ख्या वाडीला तोंडपाठ आहे. तो आजवर कुणी वापरलेला नाही. हा वाडीचा प्रामाणिकपणा, की माझ्या खात्यातली शिल्लकही त्यांनी वाचलेली आहे, याचा मी फार खोलात जाऊन विचार करत नाही.

आम्ही चाकरमानी. म्हणजे कोकणातून मुंबईला चाकरीसाठी गेलेले. चाकरी सुटली, निवृत्ती झाली, मुलाने गिरणीऐवजी संगणकाची कंपनी धरली, तरी हे पद काही सुटत नाही. ते वंशपरंपरेने चालतं. कणकवली स्टेशनावर उतरून रिक्षाने वाडीच्या फाट्यावर पोचलं की पहिला भेटणारा माणूस विचारतो, “कधी इलंस?” तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडता तोच दुसरा प्रश्न येतो, “कधी जातलंस?” या दोन प्रश्नांमध्ये श्वास घ्यायची पद्धत नाही. नवख्या माणसाला वाटतं की हा आपल्याला घालवायला निघालाय. तसं काही नसतं. त्याला फक्त हिशेब करायचा असतो. हा बाबा किती दिवस हाताशी आहे, त्यात याच्याकडून देवळाची वर्गणी कधी काढायची, बांधाचा विषय कुठल्या रात्री काढायचा आणि परतीला याच्या डोक्यावर मुलुंडच्या भाचीसाठी तांदळाचं पोतं कधी चढवायचं.

मुंबईत हेच उलट्या टोकाने चालतं. एप्रिल लागला की शेजारी विचारायला लागतात, “मग, गावी कधी?” त्यांचा डोळा आंब्यांवर असतो. परत आलो की “कधी आलात?” तेव्हा डोळा पिशवीवर असतो. सारांश, गावात आम्ही मुंबईचे आणि मुंबईत आम्ही गावचे. दोन्हीकडे पाहुणे.

घर कशाला म्हणावं यावर मराठीत चिक्कार लिहून झालंय. त्यात आईच्या हातची भाकरी असते, पहिल्या पावसाचा मातीचा वास असतो आणि लिहिणारा बहुधा पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या बंद करून बसलेला असतो. माझी कसोटी वेगळी आहे. जिथे लोक तुमच्याशी मन लावून भांडतात, ते तुमचं घर. पाहुण्याशी कुणी भांडत नाही. पाहुण्याला पाटावर बसवतात, आग्रहाने वाढतात, त्याच्या मुलाच्या मार्कांची खोटी तारीफ करतात. घरच्याला म्हणतात, “हात मोडले काय तुझे? घे वाढून.” ज्या घरात तुम्हाला सोलकढीची दुसरी वाटी कुणीतरी हसून पुढे करतं, तिथे तुमचा मुक्काम तात्पुरता आहे हे ओळखावं.

ही कसोटी मला आजोबांकडून मिळाली. आजोबा चाळीसच्या दशकात बोटीने मुंबईला आले. तेव्हा देवगडला आगबोट बंदरापासून लांब उभी राहायची, माणसं पडावात बसून तिच्यापर्यंत जायची आणि मग दोराला, शिडीला, कुणाच्या तरी हाताला धरून वर चढायची. भाऊच्या धक्क्यावर उतरलेला माणूस निम्मा बोट लागून आणि उरलेला मुंबई बघून आडवा झालेला असे. तिथून त्याला गावचा कुणीतरी लालबागला न्यायचा, गावकीच्या खोलीत.

गावकीची खोली ही गोष्ट आता सांगून पटत नाही. गावातल्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली एकच खोली. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, एक खुंटी आणि एक वळकटी. गिरणीच्या तीन पाळ्या, म्हणून खोलीच्याही तीन पाळ्या. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच जागी आडवा व्हायचा. एवढ्याशा खोलीत अख्खं गाव राहू शकत असे, फक्त सगळ्यांनी एकाच वेळी घरी असायचं नाही एवढीच अट. गिरणीच्या भोंग्यावर ही सगळी व्यवस्था चालायची. सणासुदीला गिरण्या बंद राहिल्या की मात्र पंचाईत. मग निम्मं गाव रात्रभर चाळीच्या गॅलरीत आणि फुटपाथवर.

गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींनी हीच गोष्ट जास्त नीटनेटकी केली होती. त्यांचे ‘कूड’, म्हणजे गावागावांचे क्लब, धोबीतलावला जेर महालसारख्या इमारतींमध्ये होते. भिंतीला लागून ट्रंका, आत गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना आणि तिला दांडी मारायची नाही. बोटीवरच्या नोकरीची वाट बघणारे तारवटी तिथे महिनोन्‌महिने राहायचे. आमच्याकडे वेदीच्या जागी एका खिळ्यावर गावच्या रवळनाथाचा फोटो होता आणि प्रार्थनेच्या जागी भजन. दांडीची मुभा होती, पण दांडी मारणाऱ्याच्या वळकटीत चिपळ्या गुंडाळून ठेवण्याचीही मुभा होती.

जेवण खानावळीत. गिरणगावातल्या या खानावळी म्हणजे बायकांनी आपापल्या घरात दहा-वीस जणांचा स्वयंपाक करायचा, उधारीवर जेवू घालायचं आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभं राहून वसुली करायची. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. लाखो कामगारांचं पोट या बायकांनी भरलं. पण गिरणगावाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला बहुधा एक परिच्छेद येतो. इथेही तेवढाच आला, हे मला दिसतंय.

तर आजोबा. ते आले तेव्हा खोलीतल्यांनी त्यांचं फार केलं. कुणी तंबाखू दिली, कुणी ट्राम दाखवली, कुणी जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, कानावर नाव घालून साचाखात्यात, म्हणजे विणकामाला, बदली कामगार म्हणून चिकटवलं. सगळे त्यांच्याशी गोड बोलायचे. आजोबा रात्री तोंडावर घोंगडी घेऊन रडायचे. मग एका रात्री ते चुकून एका साचेवाल्याच्या जागेत झोपले. तो दुसरी पाळी करून आला, त्याने लाथेने त्यांची वळकटी दरवाज्याबाहेर उडवली आणि “शिरा पडो तुझ्या तोंडावर!” म्हणून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आजोबा ही गोष्ट सांगताना इथे थांबायचे. मग म्हणायचे, “तेव्हा माका बरा वाटला.” गावात आल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून ते रडले नाहीत. त्या साचेवाल्याशी त्यांचं पुढे आयुष्यभर पटलं नाही आणि दोघांच्या मुलामुलींची लग्नं एकमेकांच्या सल्ल्याशिवाय ठरली नाहीत.

इकडे गावात आजी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका भरल्या, तेव्हा काही शहरी मंडळींना स्त्री-जन्माचं केवढं हे स्वागत म्हणून भरून आलं. तसं काही नव्हतं. पुरुष डोंबिवली, विरार आणि दिव्यात मोजले जात होते, इतकंच. त्याच जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. देशात बहुतेक ठिकाणी माणसं वाढत असताना आम्ही घटून दाखवलं.

घर चालवलं ते या मागे राहिलेल्या बायकांनी. मनीऑर्डर आली की सावकार, नाही आली तरी सावकार. शेत, गुरं, सासू, दरवर्षी पावसाआधी कौलं परतून घेणं आणि बांध सरकवणाऱ्या चुलत दिराशी वर्षभर पुरेल इतकं भांडण. आजीचा आवाज नदीपलीकडे जायचा. आता गंमत बघा, ती मुळात त्या गावची नव्हतीच. लग्न करून दोन डोंगर ओलांडून आलेली. माझी बायको म्हणते की स्थलांतर, विस्थापन यावर पुरुषांनी तोंड उघडायच्या आधी घरातल्या बाईची परवानगी घ्यावी. ती जळगावकडची. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरात सगळे तिच्याशी आदराने बोलायचे, तिच्या पानात मुद्दाम काटा काढलेला मासा वाढायचे. ती बिचारी वांग्याचं भरीत आठवत बसायची. तिसऱ्या की चौथ्या गणपतीत मूर्तीवरच्या माटवीला कुठलं फळ कुठे बांधायचं यावरून तिने माझ्या थोरल्या काकीला सरळ सुनावलं. काकीने परत सुनावलं. दोघींनी दुपारभर एकमेकींकडे पाठ केली. संध्याकाळी काकीने कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाली, “कोठीतसून तांदूळ काढ.” पाहुणीला कोठी दाखवत नाहीत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं. थोड्या महिन्यांत मिटेल म्हणून बरेच जण गावी गेले. पेरणी झाली, लावणी झाली, गणपती झाले, दिवाळी झाली. गावातल्यांनी पहिल्यांदा “कधी इलंस?” विचारलं आणि नेहमीप्रमाणे लगेच “कधी जातलंस?” विचारलं. त्या वर्षी दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. काही दिवसांनी लोकांनी तो विचारणं सोडून दिलं. आजोबा म्हणायचे, प्रश्न विचारत होते तेव्हा राग यायचा, विचारेनासे झाले तेव्हा भीती वाटली.

तो संप रीतसर मागे कुणी घेतलाच नाही. त्यामुळे कायद्याने पाहिलं तर आमचे आजोबा संपावर असतानाच वारले. त्यांच्या गिरणीच्या जागी आता काचेची उंच इमारत आहे. कापड तिथे अजूनही मिळतं, पण गुडघ्यावर फाटलेलं आणि आजोबांच्या वर्षाच्या पगाराएवढ्या किमतीला. साचाखात्यात असं कापड निघालं असतं तर दंड झाला असता.

गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरं द्यायची ठरली. दीड लाखाहून जास्त अर्ज आले, सोडती निघाल्या. आमचाही अर्ज आहे. काही घरं गिरण्यांच्या जागेवर निघाली, काही पनवेलजवळ कोनला. कोन हे गाव मुंबई-गोवा महामार्ग जिथून फुटतो त्या पळस्प्याच्या शेजारी आहे. म्हणजे लालबागहून निघालेला कामगार हळूहळू परतीच्या वाटेला लागलाय. आणखी चार सोडती झाल्या तर सरकार आम्हाला माणगावपर्यंत नेऊन सोडेल, आणि नातवंडांच्या काळात कणकवली. एवढं झालं की कायमचा आणि सध्याचा पत्ता एक होईल आणि अर्जातला एक रकाना वाचेल.

वडिलांची चाळीतली खोली विकून आम्ही डोंबिवलीत आलो. चाळीबद्दल मी लिहिणार नाही. मराठीत चाळीवर लिहायला आता जागा शिल्लक नाही. डोंबिवलीत मात्र पहिली काही वर्षं वाईट गेली. सगळे फार चांगले वागत होते. जिन्यात भेटले की हसायचे. लोकलमध्ये एक ठरलेला कंपू होता. कल्याणपर्यंत उलटं जाऊन, बसून येणारा, खिडकीची जागा एकमेकांना राखणारा, शुक्रवारी भजन करणारा. त्यांनी मला दाराशी उभं राहू दिलं आणि कधी “सरका” म्हणूनसुद्धा बोलले नाहीत. मी आहे की नाही, यावर त्यांचं काही अडलेलं नव्हतं.

मग एका पावसाळ्यात वरच्या मजल्यावरची गळती आमच्या देवघरात उतरली. मी वर गेलो. वरचे म्हणाले, पाणी गच्चीचं आहे. सेक्रेटरी म्हणाले, गच्चीचं नाही, वरच्यांच्या मोरीचं आहे. प्लंबर म्हणाला, इमारतीचंच आहे. वार्षिक सभेत मी उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. तो चढवताना मला स्वतःलाच कळलं की हा आपला आवाज नाही, हा आजीचा आहे. सभा रात्री साडेअकरापर्यंत चालली. कुणीतरी कुणाच्या तरी पार्किंगवर गेलं, कुणी १९९६ सालच्या रंगकामाचा हिशेब मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी वरचे गृहस्थ जिन्यात भेटले. हसले नाहीत. म्हणाले, “तुमच्यामुळे काल माझी झोप गेली.” आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मला त्यांच्या लोकलच्या कंपूत नेलं. गळती अजून आहे. ती बुजवायची घाई आता दोन्ही घरांना नाही.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिथे गेल्यावर पहिली वर्षं तो व्हिडिओ कॉलवर आईला स्वयंपाकघर दाखवायला लावायचा आणि गप्प बसायचा. आम्हाला काळजी वाटायला लागली. मग एका गणपतीत मोदक उकडीचे घरी करायचे की बाहेरून मागवायचे यावरून तिथल्या मराठी मंडळाच्या कमिटीत त्याचं कडाक्याचं वाजलं. त्याने राजीनामा दिला, तो कुणी स्वीकारला नाही, त्याने पुन्हा दिला. पुढच्याच वर्षी त्याने तिथे घर घेतलं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. इतकी वर्षं कुठलीही मराठी संस्था नुसत्या एकोप्यावर टिकलेली मी तरी पाहिलेली नाही.

पण गणपतीचं काय, असं तुम्ही विचाराल. आमचा गणपती डोंबिवलीत बसत नाही. तो मूळ घरातच बसतो, भावकीचा एकच, आणि तिथे जावंच लागतं. १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली तेव्हा वडील म्हणाले होते की आता गाव जवळ आलं. गाव आलं जवळ. तिकीट लांब गेलं. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, आता ६० दिवस आधी. त्या सकाळी आठच्या ठोक्याला डोंबिवलीपासून विरारपर्यंत लाखभर बोटं एकाच वेळी मोबाइलवर पडतात आणि आठ वाजून काही मिनिटांनी सगळा कोकण एकमेकांना वेटिंग लिस्टचे आकडे सांगत असतो. कोकणकन्या गेली, मांडवी गेली, तुतारीही गेली. मग उरतो महामार्ग. त्याच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेला माझा मुलगा आता स्वतः गाडी चालवतो आणि त्याच जागी डायव्हर्जन घेतो.

पोचल्यावर देवळात गाऱ्हाणं असतं. आमचे गावकर हात जोडून खणखणीत आवाजात सुरुवात करतात: “बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू डोंबिवलीसून इला हा, तेच्या वाटेत काय खड्डे-बिड्डे आडये इले आसतीत, ते दूर कर रे म्हाराजा!” मागून सगळे ओरडतात, “व्हय म्हाराजा!” “आनि तेचा परतीचा तिकीट वेटिंगात आसा, ता कन्फर्म कर रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” देवाकडे काय मागावं याची आमच्या गावाला अचूक जाण आहे. पण त्यातही बघा, लेकरू आल्या आल्या परतीचं तिकीट निघालंच.

देवाशिवाय आणखी एक असतो, राखणदार. सीमेवरच्या जुन्या झाडाखाली त्याची जागा. त्याला वर्षातून एकदा नारळ, कुठे कोंबडा, कुठे विडी द्यायची. त्याला आमच्या घराण्यातला प्रत्येक माणूस ओळखू येतो अशी श्रद्धा आहे. कितीही वर्षांनी, कितीही पोट सुटून गेलं तरी. डोंबिवलीतल्या आमच्या संकुलाच्या फाटकावरही एक राखणदार आहे. तो रोज मला थांबवतो आणि विचारतो, “किस के घर जाना है?” मी माझाच फ्लॅट नंबर सांगतो. तो वहीत लिहून घेतो. येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ, असे दोन रकाने आहेत.

आता मूळ घराकडे वळू या, कारण खरी गोष्ट तिथे अडलेली आहे. घर सामाईक आहे. सातबाऱ्यावर एकेचाळीस नावं आहेत. त्यातली काही माणसं हयात नाहीत, एक कॅनडात आहे आणि दोघे असे आहेत की ते कोण हे उरलेल्या एकोणचाळीसांपैकी कुणालाच सांगता येत नाही, पण त्यांचा हिस्सा आहे. खळ्यातल्या एका आंब्याला सहा हिस्सेदार. त्या झाडाला एखाद्या वर्षी पाच आंबे लागले तर कोर्टात जावं लागेल.

या सगळ्याचे निर्णय गावात होत नाहीत. ते परळला एका शाळेच्या वर्गात, पहिलीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले ग्रामस्थ मंडळाचे पन्नाशी-साठीतले सभासद घेतात. देवळाला कुठला रंग द्यायचा, पाणंद कुठून जावी, स्मशानात शेड हवी की नको. गावात प्रत्यक्ष राहणारे चार-पाच जण फोनवर असतात. ते फणसाखाली उभे राहून काहीतरी बोलतात, आवाज तुटतो आणि त्यांचं अनुमोदन गृहीत धरलं जातं. मागच्या सभेत मूळ घराचं छप्पर आणि खळ्याचा गडगा म्हणजे कुंपणाची भिंत, हा विषय तीन तास चालला. कौलं बदलायची की पत्रे घालायचे? पत्र्यांना विरोध करणारे सगळे जण नालासोपाऱ्यात पत्र्याखाली राहतात. त्यांना गावात कौलं हवीत. मला ते पटलं, पण वाद घालायची पाळी असल्यामुळे मी पत्र्यांच्या बाजूने बोललो.

आणि तरी, गेल्या मे महिन्यात मला आमच्या खळ्यात जो माणूस भेटला त्याचं नाव या एकेचाळीसांत नाही. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला हापूसची बाग आहे. मालक मुंबईत. बाग राखायला, फवारणीला, आंबे उतरवायला एक नेपाळी कुटुंब; हा माणूस त्यातला. रत्नागिरी-देवगडच्या आंब्याच्या बागांत आणि मासेमारीच्या बोटींवर आता नेपाळी माणूस सर्रास दिसतो. आम्ही सोडलेल्या जागा कुणीतरी भरणारच. याची बायको विहिरीवर रहाटाच्या पाळीवरून आमच्या शेजारणीशी अस्सल मालवणीत भांडते, आणि शेजारीण मला सांगत होती की असं तोडीस तोड भांडण आजी गेल्यापासून झालंच नव्हतं. त्याची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, आणि शाळेचा पट त्यांच्यावर टिकून आहे. थोरली मुलगी मराठीत पहिली येते. माझ्या मुलाला मराठीत कधी किती मिळाले ते इथे विचारू नका.

तर हा माणूस सकाळी सकाळी खळ्यात आला. मी दात घासत होतो. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “कधी इलात?”

मी तोंडातला फेस थुंकेपर्यंत दुसरा प्रश्न आलाच. “कधी जातलात?”

मी तारीख सांगितली. मग त्याने मुद्दा काढला. आमचा गडगा पावसात कोसळलाय, चिरे त्याच्या वाटेवर आलेत, त्याची बायको काळोखात दोनदा ठेचकाळली. तुम्ही मोठी माणसं मुंबईत बसून नुसत्या सभा घेता आणि त्रास आम्हाला. ते चिरे उचलणार कधी? तो मालवणीत बोलत होता आणि आवाज चढत होता. मीही चढवला. म्हटलं, वाट मुळात आमच्या हद्दीतून जाते. तो म्हणाला, वाट गावाची आहे, तलाठ्याला विचारा. शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि तिने तोंडभरून त्याची बाजू घेतली. आमचं अर्धा तास चाललं. शेवटी त्यानेच चहा मागवला, माझ्याच घरातून.

चहा पिताना मी विचारलं, तुझं घर कुठे? म्हणाला, नेपाळात, पश्चिमेकडे, डोंगरात. कुलूप आहे. दोन वर्षांतून एकदा दसऱ्याला जातो. तिकडे गेल्यावर लोक काय विचारतात, हे मी विचारलं नाही, पण त्याने आपणहून सांगितलं. तिकडेही पहिले दोन प्रश्न हेच.

त्याचं म्हणणं बरोबर होतं, वाट गावाचीच आहे. तलाठ्याकडे नकाशा पाहून आलो. गडगा आपल्यालाच बांधायचा आहे. चिऱ्यांचा आणि गवंड्याचा अंदाज घेतलाय, छप्पर त्यात धरलेलं नाही. त्यासाठी वेगळी सभा परळला त्याच शाळेत होईल. सातबाऱ्यावरच्या एकेचाळीसांपैकी जे कुणी हा लेख वाचत असतील, कॅनडातले धरून, त्यांनी आपल्या हिश्शाची वर्गणी गणपतीआधी मंडळाच्या खजिनदाराकडे पोचती करावी. ज्या दोघांना कुणी ओळखत नाही त्यांनीही करावी. ओळख नंतर पटवू. देणाऱ्यांची नावं देवळाच्या फळ्यावर लागतील आणि न देणाऱ्यांचीही लागतील. रोख चालेल, ऑनलाइन चालेल. सल्ला चालणार नाही.